मुंगसाचा प्रवास

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



जगभरातील दंतकथा आणि लोककथा यांविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय सागराएवढा आहे. त्यातील ओंजळभरच मी घेणार आहे. आपणा सर्वांच्या परिचयाची एकच कथा निवडून ती कोठे कोठे जाऊन पोहोचली, ते पाहू या.

‘पंचतंत्रा’च्या पाचव्या तंत्राचे नाव ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे नीट पारख न करता केलेले कृत्य. त्यात ब्राह्मणी आणि मुंगूस यांची कथा येते. आईवेगळ्या मुंगसाला ब्राह्मणीने पोटच्या मुलासारखे वाढवले. त्याच्यावर तिची माया होती, विश्वास मात्र नव्हता. ती पाण्याला गेली, ब्राह्मणही भिक्षेसाठी बाहेर पडला आणि बाळाजवळ नाग आला. मुंगसाने त्याचे तुकडे केले आणि कौतुकाच्या आशेने ते दारात धावत आले. रक्ताने माखलेले त्याचे तोंड पाहताच तिने डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकली. आत बाळ सुखरूप झोपले होते.

सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातील बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्रातील कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फा याने त्या पहलवी ग्रंथावरून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ सिद्ध केला. पुढे हिब्रूतून लॅटिनमध्ये आणि तेथून युरोपच्या लोकभाषांत या कथा पसरल्या. बुर्झोयचा मूळ पहलवी ग्रंथ आज उपलब्ध नाही. कथा मात्र टिकल्या, कारण तो ग्रंथ नाहीसा होण्यापूर्वी कोणीतरी त्या आपल्या भाषेत आणल्या होत्या.

या प्रवासात मुंगसाचे रूप पालटले. युरोपातील मुलांना मुंगूस ठाऊक नव्हते, कुत्रा मात्र अंगणातला होता. फ्रान्समध्ये लियाँ शहराच्या परिसरात तेराव्या शतकात हीच कथा गिनफोर नावाच्या शिकारी कुत्र्याची म्हणून सांगितली जात होती. सरदाराने गैरसमजाने त्याला मारले, विहिरीत टाकले, वर दगड रचले आणि भोवती झाडे लावली. खेड्यातल्या बाया आपली आजारी मुले घेऊन त्या जागी नवस बोलू लागल्या. एतिएन द बूरबाँ या धर्मोपदेशकाला हे मानवले नाही. त्याने कुत्र्याची हाडे उकरून जाळवली आणि ती राई तोडवली. तरीही लोकांची श्रद्धा सरली नाही. एकोणिसाव्या शतकातही त्या स्थानाची आठवण जिवंत होती.

वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाचे गाव आहे. तेथे राजपुत्र लिवेलिनच्या गेलर्ट या कुत्र्याची समाधी दाखवतात. तेथील कथेत नागाची जागा लांडग्याने घेतली आहे. ती समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खानावळवाल्याने प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी उभारली, असे सांगितले जाते. तरीही ती पाहताना आजही अनेकांचे डोळे पाणावतात. समाधी बनावट असेल. पण त्या कथेतला पश्चात्ताप खरा वाटतो, म्हणूनच लोक तेथे थांबतात.

प्राणी बदलला, शत्रू बदलला, घागरीच्या जागी तलवार आली. पण रक्त दिसणे आणि हात उगारणे यांमधला तो एक क्षण कोणत्याही देशाने कथेतून वगळला नाही. पाळण्याकडे पाहण्यापुरता तरी धीर धरायला हवा होता, ही हळहळ सर्वत्र तशीच राहिली. पालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी ती विशेष जपावी. गुणपत्रिकेवरील लाल रेघ दिसताच आपलीही घागर पुष्कळदा खाली येते. मूल कोणत्या नागाशी झुंजून आपल्यापुढे उभे आहे, हे विचारायचे राहून जाते.

मराठी मुलखापासून दूर, या शहरात आपली शाळा ६० वर्षे उभी आहे. आपली मुले गल्लीत एक भाषा बोलतात, पुढील शिक्षणासाठी दुसरी शिकतात. ‘मराठी गोष्टींचा पुढे काय उपयोग?’ असे पालक मला विचारतात आणि त्यामागील काळजी मी समजू शकते. पण घागर, पाळणा, उंबरठा हे शब्द शब्दकोशातून मुलाच्या मनात उतरत नाहीत. ते रात्री अंथरुणावर ऐकलेल्या गोष्टीतून उतरतात. शाळा मुलांना वाचायला शिकवील, पण ही रात्रीची गोष्ट शाळेला सांगता येत नाही.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. आज रात्री आपल्या मुलांना, नातवंडांना ही गोष्ट मराठीतून सांगा. एखादा शब्द अडला तर या शहराच्या भाषेतला घ्या. घागरीची बादली झाली तरी चालेल. मुंगूस फ्रान्समध्ये कुत्रा होऊनही जगले. बदलल्याने कथा मरत नाही. ती सांगणारे कोणी उरले नाही, तरच मरते.