एक मोकळी ओळ

माझी मुलगी पुण्यात शेतीपंप बनवणाऱ्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम करते. मध्यंतरी तिचा फोन आला, 'अब्बा, पंपाच्या दुरुस्तीच्या सूचना सोप्या मराठीत लिहून द्याल का? मात्र मार्कडाउनमध्ये द्या.' मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मार्कडाउन म्हणजे भाव उतरवण्याचा काही प्रकार असावा, असं मला वाटलं.

निघालं ते वेगळंच. जॉन ग्रुबर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००४ साली ही पद्धत मांडली; ॲरन स्वार्ट्झ या तरुणाचा तिला हातभार होता. मजकूर साध्या अक्षरांत टाइप करायचा आणि मांडणी कशी हवी ते त्यातच खुणांनी सांगायचं. ओळीच्या आधी टेलिफोनवर असते ती हॅशची खूण देऊन एक जागा सोडली, की ती ओळ शीर्षक. दोन हॅश दिले, की उपशीर्षक. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चांदण्या दिल्या, की शब्द ठळक. संगणक या खुणा वाचून पान तयार करतो. पण पान तयार केलं नाही, तरी तो मजकूर माणसाला तसाच सुखाने वाचता आला पाहिजे, असा ग्रुबर यांचा आग्रह. मला हा आग्रह फार आवडला.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. हस्तलिखितात शब्दाखाली नागमोडी रेघ दिसली, की त्यांचा हात आपोआप ठळक टाइपाकडे जाई. खूण लेखकाने करायची, रूप छापखान्याने द्यायचं, हा व्यवहार आमच्या घरात जुनाच. फरक एवढाच, की काही चुकलंसं वाटलं तर वडील थांबून विचारीत. संगणक विचारत नाही.

मी सूचना लिहिल्या. १, २, ३ असे आपले आकडे घातले, प्रत्येक सूचना नव्या ओळीवर. पहिलीच होती, 'मेन स्विच बंद करा.' मुलीने पान तयार केलं, तर सगळ्या सूचना एकमेकींना चिकटून एकच लांबलचक परिच्छेद झाला होता! वीज रात्री येते. शेतकरी ओल्या हाताने, बॅटरीच्या उजेडात तो कागद वाचणार. त्याची नजर मधल्याच 'झाकणाचे स्क्रू काढा' वर पडली तर? जिवाशी गाठ आहे.

कारण शोधलं. २०१४ साली कॉमनमार्क या नावाने मार्कडाउनचे नियम काटेकोर लिहिले गेले. त्यांत क्रमांकाची यादी ओळखली जाते ती फक्त इंग्रजी आकड्यांवरून. आपला १ त्याला आकडा वाटतच नाही. आणि नुसती नवी ओळ सुरू केली, तर ती वेगळी धरत नाहीत, आधीच्या ओळीला जोडतात. (मी एक कविता घालून पाहिली, तिचा निबंध झाला. ओळ मोडायची तर शेवटी दोन जागा सोडाव्या लागतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.)

आणखी एक गंमत. शब्द तिरपा करायला अंडरस्कोरही चालतो. पण आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो. 'स्टार्टर' एवढाच तिरपा करून पुढे 'ला' जोडला, की अंडरस्कोर तसेच छापून येतात. तिथे चांदणीच वापरावी लागते. नियम करणाऱ्यांसमोर विभक्ती नसावी, दुसरं काय!

मुलगी म्हणाली, 'इंग्रजी आकडे घाला, प्रश्न मिटेल.' मी नाही म्हटलं. वाचणाऱ्याने शाळेत जे आकडे गिरवले, तेच कागदावर हवेत. मग प्रत्येक सूचनेनंतर एक मोकळी ओळ सोडली, म्हणजे प्रत्येक सूचना स्वतंत्र परिच्छेद झाली. मेन स्विचची ओळ चांदण्या देऊन ठळक केली.

मागच्या आठवड्यात ते पान छापून टपालाने आलं. मेन स्विच सगळ्यांत वर, एकटा, काळाभोर. समासात मुलीने पेनने लिहिलं होतं : 'अब्बा, बाकी सगळं छान. ९ नंबर तेवढा दोनदा आलाय.'