त्सो कारचे मीठ

(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मीठ म्हटले की आपल्याला कोकणातील मिठागरे आठवतात, किंवा १९३० साली शिरोड्यास झालेला सत्याग्रह. समुद्रापासून शेकडो कोस दूर, साडेचार हजार मीटर उंचीवरही मिठाची पांढरी मैदाने असतात, हे भूगोलात शिकूनही प्रत्यक्ष पाहीपर्यंत खरे वाटत नाही. त्यासाठी आपणा दिल्लीकरांना बोलिव्हियातील उयुनी गाठावयास नको. मनालीहून लेहकडे जाताना मोरे पठार ओलांडले की डेब्रिंगपाशी त्सो कारचा फाटा लागतो.

त्सो कार म्हणजे पांढरे सरोवर. शेजारच्या स्तार्तसापुक त्सोचे गोडे पाणी यात उतरते; बाहेर पडण्यास मात्र वाट नाही. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. काठावरून चालताना शुभ्र पापुद्रा पायाखाली करकरतो. विरळ हवेत चार पावलांत दम लागतो. दूरवर कियांग, म्हणजे तेथील रानगाढवे, चरताना दिसतात. काळ्या मानेचे क्रौंच येथे वीण करतात. २०२० साली या पाणथळ प्रदेशाचा रामसर यादीत समावेश झाला.

येथील चांगपा मेंढपाळ पूर्वी हे मीठ गोळा करीत, लहान थैल्यांत भरून शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लादीत आणि घाट ओलांडून झांस्करच्या शेतकऱ्यांना जवाच्या बदल्यात देत. पुढे रस्ते झाले, पाकिटातील स्वस्त मीठ आले आणि ही देवघेव ओसरली. मीठ आजही तेथेच आहे. मात्र ते कधी खरवडावे, कोणत्या वाटेने न्यावे, कोणाच्या अंगणात उतरावे, हे जाणणारी माणसे कमी होत गेली.

तेथे उभा असताना मला आपली शाळा आठवली. दिल्लीत मराठी पुस्तकांची कपाटे भरलेली राहतील. पण त्यांतील शब्द घेऊन रोजच्या व्यवहारात उतरणारी मुले नसतील, तर त्या कपाटांचेही त्सो कार होईल. पालकहो, बाजारातला हिशेब, प्रवासाची हकीकत, रुसवाफुगवाही घरात मराठीतून होऊ द्या. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक तास येथे येऊन आपापल्या व्यवसायाविषयी मुलांशी मराठीत बोलावे. या महोत्सवात शाळेला तेवढे दिले, तरी तिच्या मिठाला जागल्यासारखे होईल.