शॉकअपमधील तेलगळती : घरची दुरुस्ती की मिस्त्रीची मजुरी?

मोटारसायकल ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दूध संकलन केंद्रावर कॅन पोचविणारा उत्पादक, वाडीवस्तीवरील शाळेत जाणारा शिक्षक, तालुक्याच्या बाजाराला भाजी नेणारा शेतकरी, या सर्वांची दिवसभराची कमाई तिच्या दोन चाकांवर अवलंबून असते. अशा या वाहनाच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर एके दिवशी तेलाचे कडे दिसू लागते. त्यावर धूळ बसून काळी, चिकट रेघ तयार होते. गाडी तर चालत असते. म्हणून दुरुस्ती आज-उद्यावर ढकलली जाते. शेवटी विषय निघतो तेव्हा प्रश्न एवढाच विचारला जातो, की ऑइल सील घरीच बदलावे की मिस्त्रीला मजुरी द्यावी?

या प्रश्नाचे उत्तर केवळ मजुरीच्या आकड्यावरून देता येणार नाही. गळके सील हे पुष्कळदा मूळ दोष नसून दोषाचे लक्षण असते. ते लक्षण कशाचे आहे हे ज्याला ओळखता येईल आणि काम पुरे झाल्यावर ब्रेकची खात्री जो देऊ शकेल, त्याच्याच हाती हे काम द्यावयास हवे. मग तो हात मालकाचा असो वा मिस्त्रीचा.

प्रथम शॉकअपची रचना समजून घेणे उचित ठरेल. एका नळीत दुसरी नळी सरकते, आत स्प्रिंग असते आणि तेल असते. तेलाच्या दाबाने धक्का शमविणारे असे टेलिस्कोपिक फोर्क १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या आर-१२ या मोटारसायकलीवर बसविले. पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली आणि आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटारसायकलींत तीच आढळते. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते. तिचा उसळीचा वेग रोखण्याचे काम तेल करते. हे तेल लहान छिद्रांतून ढकलले जाते व धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने संपते. शंभर ते दीडशे सीसीच्या सामान्य मोटारसायकलीत प्रत्येक पायात हे तेल साधारणतः दीडशे ते दोनशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या दोन-तीन कपांपेक्षा अधिक नसते. एवढ्या अल्प तेलातून थोडे जरी गळाले तरी परिणाम जाणवतो.

सील म्हणजे रबराची कडी. तिच्या आतल्या काठाला बारीक स्प्रिंगचा वेढा असतो आणि तो काठ पाइपला घट्ट लागून राहतो. त्याच्या वर धूळ अडविणारे दुसरे आवरण असते. पाइपवर कठीण क्रोमचा मुलामा असतो. हा पाइप गुळगुळीत असेल तोवर सील दीर्घकाळ टिकते. तो खरवडला, गंजला किंवा वाकला, की नवे सीलही काही दिवसांतच फाटते.

तेल गळू लागल्यावर दोन धोके संभवतात. एक म्हणजे तेल कमी झाल्याने पुढचे चाक खड्ड्यांवरून उसळते आणि रस्त्याशी असलेली त्याची पकड सुटते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पाइपवरून उतरणारे तेल डिस्क ब्रेकच्या चकतीवर किंवा पॅडवर पोचले, तर ब्रेक लावूनही गाडी थांबत नाही. थांबताना वाहनाचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकवरच मोठी मदार असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस ही चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. परंतु तेलाने माखलेल्या चकतीला तिच्याही मदतीने पकड येत नाही. ब्रेकवर तेल दिसताच वाहन चालविणे थांबवावे, आणि तेल शोषलेले पॅड पुसून वापरण्याऐवजी बदलावेत.

यानंतरची पायरी निदानाची. ती कोणाही वाहनधारकास विनाखर्च करता येते. पाइप स्वच्छ पुसून घ्यावा. वरचे धूळ-आवरण सावकाश वर सरकवावे आणि आत साचलेली माती पाहावी. पुष्कळदा सीलच्या काठाखाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. पातळ पण चिवट प्लास्टिकची पट्टी सीलच्या काठाशी सरकवून चारी बाजूंनी फिरविली की तो बाहेर निघतो. पूर्वी याच कामासाठी कॅमेऱ्याच्या फिल्मचा तुकडा वापरीत. नंतर गाडी चालवून पुन्हा पाहावे. गळती थांबली तर सील बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

गळती कायम राहिली, तर पाइपवरून नख फिरवून पाहावे. नखाला खड्डा किंवा ओरखडा लागला, आणि तो सीलच्या सरकण्याच्या पट्ट्यात असेल, तर केवळ सील बदलून भागणार नाही. कोकण किनाऱ्यावरील खारी हवा आणि पावसाळा यांत हे गंजाचे टिपके लवकर पडतात. बारीक टिपका असेल तर पाण्यात भिजविलेल्या अतिशय बारीक पॉलिश पेपरने कडा मऊ करता येते. खोल असेल तर पाइपच बदलावा लागतो. गाडी पूर्वी जोरात आपटली असेल तर पाइपाचा वाकडेपणाही तपासून घ्यावा लागतो. या सर्व गोष्टी न पाहता सील बसविले, तर मजुरी वाचविणारा मालक आणि मजुरी देणारा मालक हे दोघेही महिन्याभरात त्याच जागी परत येतात.

आता घरच्या दुरुस्तीचा विचार करू. सीलची जोडी सामान्य गाडीला काही शे रुपयांत मिळते. तेलही फार महाग नसते. गॅरेजच्या बिलातील मोठा भाग वेळेचा आणि हत्यारांचा असतो. घरी काम करणाऱ्याला पुढचे चाक उचलून गाडी पक्की टेकविण्याची सोय लागते. नुसत्या विटांवर ती टेकवू नये. पान्यांचा संच, अ‍ॅलन की, आणि सील समतोल ठोकण्यासाठी योग्य मापाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा हवा. वरचे झाकण आणि तळाचा अ‍ॅलन बोल्ट, हे दोन्ही शॉकअप गाडीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. तळाचा बोल्ट स्प्रिंगच्या दाबाखाली असताना सुटतो. एरवी आतील दांडी त्याच्याबरोबर फिरत राहते आणि तासन्‌तास जातात. झाकणाखालची स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून झाकण काढताना तोंड त्यावर आणू नये. नवे सील बसविताना पाइपच्या धारदार टोकावर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा आणि काठाला तेल लावावे. तळाच्या बोल्टखालची तांब्याची वायसरही नवी घालावी.

तेल मात्र अंदाजाने भरू नये. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे व मापाचे तेलच घालावे. इंजिन ऑइल त्याच्या जागी चालत नाही. शॉकअप सावकाश वरखाली करून हवा काढावी आणि मग पातळी मोजावी. दोन्ही पायांतील पातळी सारखी हवी. एकच सील गळत असले तरी दोन्ही सील एकदमच बदलावीत, कारण दोहोंचे वय सारखेच असते. जोडणी झाल्यावर शॉकअपची दोन्ही टोके समान उंचीवर आहेत काय, चाकाचा आस पुस्तिकेत दिलेल्या दाबाने आवळला आहे काय, ब्रेकचा लीव्हर अनेकदा दाबल्यावर पुन्हा घट्ट लागतो काय, हे पाहिल्यावाचून गाडी रस्त्यावर नेऊ नये. जुने तेल गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता गॅरेजवाल्याकडील साठ्यात द्यावे.

दुसरीकडे मिस्त्रीला दिलेल्या मजुरीचा अर्थही समजून घेतला पाहिजे. त्या रकमेत बोल्ट सोडविणारे यंत्र, सील ठोकण्याचे हत्यार, शेकडो शॉकअप उघडल्याचा अनुभव, आणि काम चुकले तर पुन्हा करण्याची जबाबदारी यांचा समावेश असतो. हा व्यवसाय आज शिकवूनही मिळतो. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटारवाहन दुरुस्तीचे अभ्यासक्रम चालतात आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तरुणांना प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घेता येतो. कुशल हातांच्या श्रमांना रास्त मोल देणे ही उधळपट्टी नव्हे. तथापि ग्राहकानेही जागरूक राहावे. जुने सील व जुने पाइप पाहावयास मागावेत, कोणते तेल किती भरले हे बिलावर लिहून घ्यावे, आणि पाइप तपासला काय हे विचारावे. हे प्रश्न ऐकून जो मिस्त्री रागावत नाही, त्याच्याकडे काम देण्यास हरकत नाही.

या दोहोंमध्ये एक तिसरा मार्ग आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. चाक, ब्रेक आणि शॉकअपचे दोन्ही पाय घरी सोडवून केवळ ते दोन पाय गॅरेजमध्ये न्यावेत. सोडविण्यापूर्वी वरचे झाकण आणि तळाचा बोल्ट किंचित सैल केला असला, तर मिस्त्रीचे कामही सुकर होते. उघडणे, पाइप तपासणे, सील व तेल घालणे हे काम तो करतो, आणि बसविणे पुन्हा मालकाकडे राहते. मजुरी कमी लागते आणि अवघड भाग जाणत्या हाती राहतो. मात्र चाक आणि ब्रेक परत बसविण्याचा ज्याला पुरेसा विश्वास नाही, त्याने हाही मार्ग धरू नये.

काही बाबतींत निवड अगोदरच झालेली असते. उलटे बसविलेले, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत नळी खाली असलेले शॉकअप, महागड्या गाड्यांत वापरले जातात. त्यांच्यात सीलमधून सुटलेले तेल थेट ब्रेकच्या दिशेने उतरते आणि आतील भाग उघडण्यास खास हत्यारे लागतात. ते काम कारागिराचेच. ब्रेकवर तेल आलेले असेल, पाइप वाकला असेल, किंवा दुसऱ्याच दिवशी गाडी रोजच्या कमाईसाठी लागणार असेल, तेव्हाही हाच निर्णय योग्य. कारण घरी पहिल्यांदा हे काम करणाऱ्याचा एक दिवस तरी खर्ची पडतो, आणि दूध किंवा भाजी पोचली नाही तर त्या दिवसाचे नुकसान मजुरीपेक्षा अधिक असू शकते.

श्रोतेहो, स्वतःचे काम स्वतः करण्याची वृत्ती स्तुत्य आहे. आपले वाहन ओळखणारा चालक ते अधिक जपून चालवितो. परंतु स्वावलंबन म्हणजे प्रत्येक पाना स्वतःच फिरविणे असे नव्हे. निदान स्वतः करावे, जेवढे जमेल तेवढे काम स्वतः करावे आणि उरलेले योग्य हाती सोपवावे. पुढच्या चाकावरील तेलाचा डाग दिसला की तो पुसून विसरून न जाता, त्याचे कारण शोधावे. संध्याकाळी दूधवाला घरी सुखरूप परतणे, यापुढे मजुरीच्या काही रुपयांची बचत गौण आहे.