येणार विमानाने, जाणार होडीने

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहतो, घंटाळी देवीच्या देवळापासून पाच मिनिटांवर. नावात 'नौ' असले तरी आमच्या भागात होडी पाहायची तर तलावपाळीवर जावे लागते, आणि तिथल्या होड्या मासुंद्यात फेरी मारून काठाला परत येतात. मी मात्र पस्तीस वर्षे बोटीवर होतो. १९७९ साली ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो, २०१४ साली चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ज्या माणसाने इतक्या वेळा देशाची वेस ओलांडली, त्याला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सहार विमानतळावरून घरी परत पाठवले, ती हकीकत सांगायची आहे.

माझा भाचा मेलबर्नला असतो. वाढला नौपाड्यातच, पुढे नोकरीसाठी गेला आणि तिकडचा नागरिक झाला. त्याला शिडाच्या होड्यांचे वेड. २०२४च्या जानेवारीत त्याचा फोन आला, "मामा, लंगकावीला एक होडी मिळतेय. अडतीस फुटी. एक ऑस्ट्रेलियन जोडपं विकतंय. मी तीन आठवड्यांची रजा काढतो. तू ये, इंजिन तू बघ. आपण दोघं ती फुकेतला नेऊ."

लंगकावी हे मलेशियाचे बेट. १९८७ पासून ते करमुक्त आहे आणि जगभर भटकणाऱ्या शिडाच्या होड्या तिथे येऊन विसावतात. बऱ्याच मालकांचे वय होते, गुडघे बोलू लागतात आणि होडी तिथेच विकायला निघते. तिथून थायलंडमधले फुकेत साधारण सव्वाशे सागरी मैल. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, आकाश निरभ्र, समुद्र शांत. मी आयुष्यभर इंजिनच्या खोलीत घालवलेले. समुद्र पाहिला तो ड्यूटी संपल्यावर, डेकवर येऊन. शिडाखाली बसून कधीच पाहिला नव्हता. बायको म्हणाली, "जा एकदाचे, नाहीतर जन्मभर बोलून दाखवाल."

१ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना तीस दिवसांपुरता व्हिसा माफ केला होता. मी जायचे तिकीट काढले, यायचे काढले नाही. लंगकावीहून परतायचेच नव्हते, तर काढणार कशाला? बोटीवर असताना मी नेहमी एका वाटेच्या तिकिटावरच गेलो होतो. १९७९ साली सांताक्रुझहून रॉटरडॅमला गेलो तेव्हाही परतीचे तिकीट नव्हते. इमारतीतली मंडळी हार घेऊन आली होती, त्यांच्यापैकीही कुणी ते विचारले नव्हते.

काउंटरवरची मुलगी मराठीच होती, डोंबिवलीची निघाली. पासपोर्ट पाहून तिने हसून विचारले, "काका, परतीचं तिकीट?"

"नाही. मी तिथून फुकेतला जाणार, मग मुंबईला."

"फुकेतला कसे जाणार?"

"होडीने."

"म्हणजे फेरीने? तिचं बुकिंग दाखवा ना."

"फेरी नाही, स्वतःची शिडाची होडी."

"मग तिचे कागद दाखवा."

"अहो, ती घ्यायलाच तर चाललोय!"

आता हे बोलताना हसू येते, तेव्हा मागे रांग वाढत होती. मी शेवटचे अस्त्र काढले, माझे सीडीसी, म्हणजे खलाशाची सरकारी पुस्तिका. ती पाहून मुलीने वरिष्ठांना बोलावले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. जहाजाचे नाव काय? कंपनीचे नेमणूकपत्र कुठे? तिकडच्या एजंटचे 'ओके टु बोर्ड' आले आहे का? माझ्याकडे तिन्हींचे उत्तर नव्हते. रात्री दोन वाजता मी बॅग घेऊन घंटाळीला परतलो. वॉचमन म्हणाला, "काका, विमान चुकलं?" मी हो म्हणालो. खरे सांगायचे तर मला लाज वाटत होती. तिकिटाचे पैसे बुडाले ते वेगळेच.

गंमत म्हणजे भाचा त्याच आठवड्यात मेलबर्नहून एका वाटेच्याच तिकिटावर लंगकावीला पोचला होता. नियम दोघांनाही एकच. दोघांचे पासपोर्टही गडद निळेच. त्याला कुणी विचारले नाही, मला विचारले. यावर फार बोलत नाही, आपल्यातल्या अनेकांना हा अनुभव आहे.

पण त्या मुलीची चूक नव्हती, हे दुसऱ्या दिवशी डोके थंड झाल्यावर कळले. एखाद्या देशाने प्रवाशाला आत घेतले नाही तर त्याला परत नेण्याची जबाबदारी ज्या विमान कंपनीने आणले तिचीच असते. नागरी विमान वाहतुकीच्या १९४४च्या शिकागो करारातून आलेली ही व्यवस्था आहे. वर अनेक देश दंडही करतात. आपल्याकडेही २००० साली तसा कायदा झाला, तो आता २०२५च्या नव्या कायद्यात सामावला आहे. म्हणून कंपन्यांच्या संगणकावर देशोदेशीच्या नियमांची जंत्री असते, टिमॅटिक म्हणतात तिला. काउंटरवरचा माणूस तीत पाहतो आणि ठरवतो. तुमची पहिली तपासणी क्वालालंपूरला होत नाही, ती मुंबईतच होते. आणि मलेशियाच्या व्हिसामाफीला अटी होत्याच. परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे. व्हिसा माफ म्हणजे सगळेच माफ, असा माझा गोड गैरसमज होता.

मग पस्तीस वर्षे मला कुणी कसे अडवले नाही? कारण तेव्हा माझ्या वतीने कंपनी बोलत होती. खलाशी विमानाने जातो आणि जहाजाने निघून जातो, हे जगाला ठाऊक आहे. त्याच्या ओळखपत्राबाबत १९५८ आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केले. दुसरा भारताने २०१५ साली मान्य केला. कंपनी हमीपत्र देते, एजंट विमानतळावर नावाची पाटी धरून उभा असतो, जहाजाचे नाव आणि बंदर आधीच कळवलेले असते. खलाशांचे खास सवलतीचे तिकीटसुद्धा असते, त्यात सामानही जास्त नेता येते. हे सगळे मालवाहू किंवा प्रवासी जहाजावर नेमणूक असेल तर. हौसेच्या होडीवरचा माणूस बहुतेक देशांच्या लेखी साधा पर्यटकच. माझे सीडीसी खोटे नव्हते, फक्त जहाजावाचून ते मुके होते.

कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा आपल्याकडे शिडाच्या होड्यांचे कौतुक सुरू झाले. पण ते मुंबईहून निघाले आणि मुंबईलाच आले, पाठीशी नौदल होते. परमुलखात जाऊन होडी घ्यायची आणि तिथून हाकारायची, हा मामला अगदी उलटा. तिथे तुम्ही एका दाराने आत येता आणि दुसऱ्याच दाराने बाहेर पडता. दोन्ही दारांवरच्या माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यायचे काम तुमचे.

ते काम आम्ही आठ दिवसांत केले. भाच्याने सर्व्हेअरकडून होडी तपासून घेतली, खरेदीखत केले. होडी ऑस्ट्रेलियातच नोंदलेली आणि घेणाराही तिथलाच नागरिक, त्यामुळे निशाण बदलण्याची भानगड आली नाही. आपल्यापैकी कुणी भारतीय पासपोर्टवर परदेशी होडी घेणार असेल तर होडी कुठल्या निशाणाखाली नोंदणार, हा प्रश्न विमानाच्या तिकिटाच्याही आधी सोडवावा लागेल. मग भाच्याने मालक या नात्याने मला पत्र लिहिले. त्यात होडीचे नाव, नोंदणी क्रमांक, मरिनातली जागा, निघण्याची तारीख, आणि हा मनुष्य माझ्या होडीचा इंजिनिअर असून त्याच्या परतीचा खर्च मी करीन, अशी हमी. मामाला भाच्याने नेमणूकपत्र द्यावे, हा प्रसंग आमच्या घराण्यात पहिलाच. सोबत खरेदीखताची प्रत आणि खलाशांची यादी. यादीत दोनच नावे, कप्तान तो आणि हाताखाली मी.

इकडे मी फुकेत-मुंबई विमानाचे तिकीट काढले, तारीख बदलता येईल असे. त्यावेळी थायलंडनेही भारतीयांना व्हिसा माफ केला होता, तरीही मी मुंबईतून रीतसर थाई व्हिसा घेतला. त्याचे कारण सांगतो. विमानाने येणाऱ्याला असलेली सवलत होडीने येणाऱ्याला असेलच असे नाही. अमेरिका युरोपातल्या बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसाविना येऊ देते, पण तोच माणूस स्वतःच्या होडीतून आला तर आधी व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियात होडीवरच्या प्रत्येकाकडे किनारा दिसण्याआधी व्हिसा हवा आणि येत असल्याची खबर किमान बारा तास आधी द्यावी लागते. आपलाच ई-व्हिसा घ्या. तो घेऊन येणाऱ्या परदेशी माणसाला ठरावीक विमानतळांवर आणि मोजक्याच बंदरांवर उतरता येते, मनाला येईल त्या बंदरात नाही. हे नियम बदलतात, म्हणून ज्या देशात जायचे त्याच्या सरकारी कचेरीतून निघण्यापूर्वी खात्री करावी. मित्राचा अनुभव दोन वर्षे जुना असतो.

दुसऱ्या खेपेला काउंटरवर वेगळी मुलगी होती. तिने कागद पाहिले, कुणाला तरी फोन केला आणि दहा मिनिटांत बोर्डिंग पास दिला. मला उगाच वाटत राहिले की ती डोंबिवलीची असायला हवी होती.

लंगकावीहून निघताना कुआच्या धक्क्यावर बंदर खाते, कस्टम्स आणि इमिग्रेशन अशा तीन खिडक्या झाल्या. इमिग्रेशनच्या साहेबांनी माझा विमानतळावरचा शिक्का पाहिला, मग यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि समुद्रमार्गे बाहेर गेल्याचा शिक्का मारला. प्रवास तीन दिवसांचा. वारा बेताचा होता, एकदा इंजिनच्या पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला तो मी बदलला, तेवढीच माझी कामगिरी. रात्री बेटांच्या आडोशाला नांगर टाकायचा. शिडे भरली आणि इंजिन बंद केले की जो आवाज उरतो, तो मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. त्याचे वर्णन मला जमणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, तुझं फुकेत-मुंबई तिकीट दाखव बघू." मी म्हटले, "तूही?" तो म्हणाला, "अरे, आता कप्तान मी. थायलंडने तुला उतरू दिलं नाही तर तुला परत न्यायची जबाबदारी माझी. आता विमान कंपनी मीच!" मी गुपचूप तिकीट दाखवले. फुकेतच्या चालाँग बंदरावर पिवळे निशाण चढवून आत शिरलो, शिक्के झाले आणि चार दिवसांनी त्याने माझे नाव खलाशांच्या यादीतून रीतसर कमी करून घेतले. तो कागद खिशात असल्याशिवाय मी विमानतळावर गेलो नाही.

होडी अजून फुकेतलाच आहे. आता भाच्याच्या डोक्यात अंदमान आहे, साधारण चारशे सागरी मैल. त्या वाटेने मी माझ्याच देशात येणार, आणि नौपाड्यात लहानाचा मोठा झालेला तो परदेशी निशाणाच्या होडीतून येणारा परदेशी नागरिक ठरणार. कस्टम्स, इमिग्रेशन, बंदर, सगळ्यांच्या परवानग्या त्याला आधी घ्याव्या लागतील. मला मात्र फुकेतला जाताना पुन्हा एका वाटेचेच तिकीट असणार. परवा त्याचा फोन आला होता. मी त्याला म्हटले, "आधी पत्र पाठव, मग तिकिटाचं बघतो."