पक्षिनिरीक्षण आणि शाळेची बाग
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या तपासणीत मी शेरेबुकात लिहिले होते, ‘कुंपणालगतचे झुडूप काढून आवार स्वच्छ करावे.’ आज्ञेचे पालन तत्परतेने झाले. पुढल्या भेटीत तिसरीतील एका मुलीने मला ती मोकळी जागा दाखविली व म्हटले, “साहेब, इथं बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं होती त्यात.” मजजवळ उत्तर नव्हते. त्या मुलीचे निरीक्षण माझ्या तपासणीहून सरस होते, हे मला मान्य करावे लागले. आजचे भाषण हे त्या शेऱ्याचे प्रायश्चित्तच समजा.

पक्षिनिरीक्षणास आपल्या नागपूर जिल्ह्यात साधनांची उणीव नाही. शहरालगत अंबाझरी, गोरेवाडा व फुटाळा हे तलाव आहेत. पलीकडे पेंच व उमरेड-पवनी-कऱ्हांडला येथील वने आहेत. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस विदर्भातील तलावांवर उतरतात. भूगोलाच्या तासाला हिमालयाची उंची पाठ करणाऱ्या मुलाने तो पर्वत ओलांडून आलेला पक्षी प्रत्यक्ष पाहिला, तर तो धडा त्यास वेगळा शिकवावा लागणार नाही.

सहलीची पूर्वतयारी मात्र काटेकोर हवी. वनखात्याची परवानगी व पालकांची संमती आधी घ्यावी. मुलांचे दहा-दहांचे गट करावेत व प्रत्येक गटासोबत एक शिक्षक असावा. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. भडक कपडे, शिट्टी व गोंगाट टाळावा. पाण्याच्या काठापासून मुलांस दूर ठेवावे. घरट्याजवळ जाऊ नये, व पक्ष्यास बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. विणीच्या काळात त्याने पक्षी विचलित होतात.

नाव सांगण्याची घाई करू नका. पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी? शेपटी कशी? तो काय करीत होता? एवढे वहीत लिहून घ्या. मग घरच्या आजीला त्याचे नाव विचारावयास सांगा. नागपुरात दीर्घकाळ राहिलेले कै. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी होते. नवेगावबांधच्या परिसरात वावरताना त्यांनी वनवासी व ढीवर बांधवांकडून पुष्कळ ज्ञान मिळविले आणि पुढे ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस व १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. या दोहोंमधील सप्ताह २०२० पासून राज्यात पक्षिसप्ताह म्हणून साजरा होतो. तो दिवाळीच्या सुट्टीत आल्यास मुलांस अंगणातील निरीक्षणाचा स्वाध्याय द्यावा.

सहल वर्षातून एकदाच घडते; शाळेचे आवार मात्र रोजचे आहे. एका कोपऱ्यात बोर, मेंदी, जास्वंद, शेवगा वाढू द्या. जास्वंदीवर फुलटोचे येतील, रुंद पाने शिंपी शिवील. फळे खाणारा बुलबुल आपल्या पिलांस किडे भरवितो. म्हणून बागेत कीटकनाशके फवारू नयेत. पाचोळा जाळू नये, तो कुजू द्यावा; दयाळ तेथेच भक्ष्य टिपतो. नागपूरच्या उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात दोन इंच पाणी सावलीत ठेवावे. ते रोज बदलावे व भांडे घासावे, म्हणजे डासही होणार नाहीत. सुट्टीत ही पाळी गावातील मुलांकडे सोपवावी.

यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. लागते ती थोडी जागा, थोडे पाणी आणि पुष्कळ संयम. आपल्या शाळेत विपुल साहित्य असेल-नसेल. परंतु पाहणारे डोळे प्रत्येक वर्गात आहेत. त्यांस दिशा देणे हे आपले काम.

यापुढे तपासणीस येईन तेव्हा कुंपणाकडचे झुडूप मीही पाहीन. ते तोडावे असा शेरा लिहिण्यापूर्वी तिसरीच्या वर्गास विचारीन, तेथे कोण राहते म्हणून.