मुंबईच्या पेटीसाठी घरचा आंबा

वैशाखाच्या सुमारास रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घराघरांतून मुंबई-पुण्याकडे आंब्याची पेटी निघते. ती विकावयाची नसते. चाकरमानी मुलगा, सासरी गेलेली लेक, नातवंडे यांच्यासाठी परसातील झाडाची फळे तिच्यात भरलेली असतात. पूर्वी ही पेटी आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरत असे. पुढे ती एस. टी.ने जाऊ लागली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर आगगाडीनेही. पेटी उघडल्यावर निम्मी फळे नासलेली निघाली, तरी पुष्कळदा गावी ‘आंबे पोचले’ एवढेच कळविले जाते. आईचे मन कोण मोडणार? परिणामी पुढल्या वर्षी त्याच झाडाचे आंबे त्याच रीतीने पुन्हा रवाना होतात.

वस्तुतः दोष पुष्कळदा प्रवासाचा नसून निवडीचा असतो. पायरी रसाला अप्रतिम. परंतु तिची साल पातळ, ती लवकर पिकते आणि पिकली की थांबत नाही. तिचा रस घरीच व्हावा, किंवा त्याच दिवशी जाणाऱ्या माणसाच्या हाती ती द्यावी. रायवळ चोखून खाण्याचा, तोही झाडाखालीच. दूरच्या वाटेला हापूस टिकतो, म्हणूनच तो पेटीचा आंबा ठरला.

मात्र हापूसचे एक दुखणे आहे. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर निघतो. त्यास ‘साका’ म्हणतात. फळ झाडावर पिकू दिल्यास हा धोका वाढतो. चौदा आणे तयार झालेले, पाण्यात बुडणारे फळ उतरविणे हाच त्यावर व्यवहार्य उपाय होय. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून सिद्ध केलेली ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली. तिच्यात साका आढळत नाही. हापूसची सर तिला नाही, असे जुनी माणसे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तथापि ज्या घरची पेटी दरवर्षी जावयाची आहे, तेथे एक कलम रत्नाचे असावे, कारण हापूस बहुधा वर्षाआड धरतो.

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कलमे वाडीवाडीत पोचली. लावलेल्या कलमाचे खरे रूप कळावयास काही वर्षे लागतात. म्हणून लागवडीपूर्वी ‘फळ कोण खाणार आणि ते कोठे राहतात?’ हा प्रश्न ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी घरमालकास अवश्य विचारावा.

उतरणी सकाळी, झेल्याने करावी. काठीने पाडलेले फळ वरून धड दिसले तरी पेटीत तेच प्रथम सडते आणि शेजारच्यांना नासविते. देठ बोटभर ठेवावा, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. फळे कच्चीच, भाताच्या कोरड्या पेंढ्यात, एकमेकांवर घासणार नाहीत अशी रचावीत. पिकण्याची अढी मुंबईच्या घरी पडावी. पेटीत उतरणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, म्हणजे सुनेला कोणत्या दिवसापासून फळे चाचपावयाची ते कळते.