चंद्राचे वर्ष आणि इस्लामचे पाच स्तंभ

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



इस्लामविषयी आपल्यापैकी प्रत्येकाचे काही ना काही मत आहे. पण रमजान कधी उन्हाळ्यात, तर कधी थंडीत का येतो, असे विचारले की सभागृह शांत होते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल् बिरुनी हा मुसलमान विद्वान संस्कृत शिकला आणि आपला अधिक मास कसा काढतात, हे त्याने अरबीत लिहून ठेवले. ज्याच्याविषयी बोलायचे, त्याचे पंचांग आधी समजून घ्यावे, ही त्याची रीत मला पटते. आज आपण त्याच वाटेने उलट दिशेने जाऊ.

ईश्वर एकच आणि महंमद त्याचे प्रेषित, ही साक्ष म्हणजे शहादा. हा पहिला स्तंभ, त्याला काळवेळ नाही. दुसरा नमाज, ती सूर्यावर चालते. पहाटेची फज्र, मध्यान्ह टळल्यावर जुहर, सावल्या लांबल्या की असर, सूर्यास्तानंतर मगरिब आणि रात्रीची इशा. उरलेल्या तिघांवर, म्हणजे जकात, रोजा आणि हज यांवर, सत्ता चंद्राची.

चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे; सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे. ही तूट साठवून आपण अधिक मास धरतो. २०२३ चा अधिक श्रावण आपल्याला आठवत असेल. इस्लामपूर्व अरबांतही महिने पुढेमागे सरकवण्याची चाल होती. तीमुळे युद्ध निषिद्ध असलेले पवित्र महिने सोयीनुसार हलत. कुराणाच्या नवव्या सूरेने ही चाल निषिद्ध ठरवली. वर्षाचे महिने बाराच, तेरावा नाही.

परिणाम पाहा. रमजान ३३ वर्षांत सर्व ऋतूंची प्रदक्षिणा करतो. पंधराव्या वर्षी रोजे धरू लागलेला मुलगा अठ्ठेचाळिशीला येईतो ज्येष्ठातली तहानही सोसतो आणि पौषातले लहान दिवसही अनुभवतो. कोणत्याही देशाच्या वाट्याला कायमचा उन्हाळा येत नाही. २०३० साली तर जानेवारी आणि डिसेंबर, दोन्हींत रमजान सुरू होईल. जकातीचेही तसेच. ठरावीक मर्यादेवरील संपत्ती पूर्ण चांद्र वर्ष जवळ राहिली की तिचा चाळिसावा भाग द्यायचा. म्हणजे ३३ सौर वर्षांत ही देणगी ३४ वेळा द्यावी लागते! व्यापाऱ्यांच्या नगरीत जन्मलेल्या धर्माला हा हिशेब ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

हजला मात्र ऋतूचा फेरा जिवावर बेततो. जून २०२४ मध्ये मक्केत पारा ५० अंशांपलीकडे गेला आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार १३०१ यात्रेकरू दगावले. बहुतेकांकडे अधिकृत परवाना नव्हता. म्हणून वातानुकूलित निवाराही नव्हता. त्यानंतर हजचे दिवस वसंताकडे सरकू लागले आहेत.

उपासनेला चालते ते शेतीला चालत नाही. पीक चंद्राकडे पाहून पिकत नाही. म्हणूनच मुसलमान राज्यकर्त्यांनाही वसुलीसाठी सौर वर्ष जवळ करावे लागले. अकबराने फसली सन सुरू केला. पेशवाईतील कागदांवर ‘इहिदे’, ‘इसन्ने’ असे शब्द दिसतात, ते शुहूर सनाचे. त्यातील आकडे अरबी. पण वर्ष बदलते सूर्य मृग नक्षत्रात शिरताना, म्हणून आपले कुणबी त्याला मृगसाल म्हणत. मशिदीत मात्र नव्या महिन्यासाठी आकाशातल्या कोरीचीच वाट पाहिली जात असे.